इनासकाकांचं नाक

स्वयंपाकघराचं दार उघडलं की इनासकाका लगेच आत जात नसत. उंबऱ्याबाहेरच थांबायचे. उजव्या हातात गॅस पेटवायचा लायटर, डाव्या हाताने दार धरलेलं, आणि मागून जो कोणी येईल त्याला आधी आत पाठवायचे. तो चार पावलं चालला की विचारायचे, "काही वास?" समोरचा "नाही" म्हणाला की मगच ते आत पाऊल टाकत. भांडी घासणारा नेपाळी तुलसी असो, भाजीचे क्रेट उतरवणारा ड्रायव्हर नाझर असो, नाहीतर खुद्द मॅनेजर असो, यातून कोणाची सुटका नव्हती. मॅनेजर जॉर्डनचा. त्याला हा वसईच्या ख्रिश्चनांचा काहीतरी धार्मिक रिवाज वाटायचा आणि तो मोठ्या आदराने नाक वर करून हुंगायचा. मलाही पहिलं वर्षभर ती एका वयस्कर माणसाची खोडच वाटत होती. तिच्यामागे काय आहे ते कळलं तेव्हापासून मला त्या दाराची भीती बसली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

मी मुळात भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्यामागे लहानपणापासून आहे. नाशिकला फूड टेक्नॉलॉजी केलं आणि दोहाच्या इंडस्ट्रियल एरियात एका केटरिंग कंपनीच्या मोठ्या स्वयंपाकघरात हायजीन ऑफिसर म्हणून लागले. फ्रीजचं तापमान लिहायचं, लोकांची नखं बघायची, शिजलेल्या मांसात थर्मामीटरची सुई खुपसून आकडा वाचायचा, आणि कोणी शिंकलं-खोकलं तर त्याला त्या दिवशी खोलीवर परत पाठवायचं. थोडक्यात, मला घाबरण्याचाच पगार मिळत होता. आमच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही. मी इथे भाज्या तपासते एवढंच आईला माहीत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पॉट रोस्टमध्ये गाजरं, कांदे आणि बटाटे असतातच.

पॉट रोस्ट, म्हणजे भांड्यात झाकून मंद शिजवलेलं बीफ, हे इनासकाकांचं शुक्रवारचं काम. कंपनीच्या आवारात परदेशी इंजिनिअरांची मेस होती आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी त्यांना दुपारच्या जेवणाला दुसरं काही चालत नसे. काका अबू हमूरच्या चर्चमध्ये पहाटेची मिस्सा ऐकत आणि कंपनीच्या व्हॅनने थेट स्वयंपाकघरात येत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बीफच्या एका मोठ्या तुकड्याला पांढऱ्या दोऱ्याने आवळून बांधत होते. बुटका, रुंद माणूस, पांढरे केस पाण्याने चापून बसवलेले, ओठांत दोऱ्याचं टोक. मी दारातच अडखळले, कारण कच्च्या मांसाच्या वासाने मला मळमळत होतं आणि पहिल्याच दिवशी ते कोणाला कळू द्यायचं नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, नाकाकडे पाहिलं. मग मराठीत म्हणाले, "बाय, नाशिकची ना तू? ये. घाबरू नको. मेलेलं आहे, चावणार नाही."

त्या दिवसापासून चारचौघांत मी मॅडम आणि दोघंच असलो की बाय.

मांस हवा काढून बंद केलेल्या पिशव्यांतून यायचं. पिशवी कापली की एक आंबूस, कोंदट भपका येतो. नवखा माणूस त्या वासाने मांस फेकून देतो आणि मूर्ख माणूस तसंच शिजवतो, असं काका सांगत. "पंधरा मिनिटं थांबायचं. वास गेला तर ते झोपेतून उठलं. राहिला तर ते कायमचं झोपलं, त्याला उठवायला जायचं नाही." हा माझा पहिला धडा. पंधरा मिनिटं झाली की मला हाक यायची. मी ट्रेवर वाकायची, नाक मुरडायची, आणि वास गेला आहे की नाही ते सांगायची. उत्तर बरोबर आलं की ते मान डोलवून पुढच्या कामाला लागत. माझं उत्तर चुकलेलं मला आठवत नाही. तेव्हा मला याचा फार अभिमान वाटायचा.

रोस्ट ते बोटीवर शिकले होते. तरुणपणी मालवाहू जहाजावर भांडी घासायला लागले आणि एका आयरिश आचाऱ्याने त्यांना हाताशी धरलं. मीठ-मिरी चोळून तुकडा आदल्या दिवशी फ्रीजमध्ये ठेवायचा. सकाळी बिडाच्या जाड भांड्यात सगळ्या बाजूंनी तांबूस होईस्तोवर भाजायचा, बाहेर काढायचा, त्याच तेलात कांदा आणि लसूण परतायचा. आयरिश आचारी वाइन ओतायचा. इथे ती मिळायची नाही म्हणून काका डाळिंबाचा आटवलेला रस आणि चमचाभर व्हिनेगर घालत, आणि बायकोने वसईहून पाठवलेल्या, बाटलीत ठासून भरलेल्या तिखट 'बाटली मसाल्या'ची एक चिमूट. ही चिमूट इंजिनिअर लोकांना माहीत नव्हती. मग मांस परत भांड्यात, तमालपत्र, अर्ध्यापर्यंत पाणी, वर घट्ट झाकण आणि मंद ओव्हनमध्ये साडेतीन तास. या साडेतीन तासांत झाकण एकदाच उघडायचं, दोन तासांनी, गाजरं आणि बटाटे घालायला. "सारखं झाकण उघडणाऱ्याच्या नशिबी चामडं," ते म्हणायचे. कोणी ओव्हनच्या दाराला नुसता हात लावला तरी त्यांचा आवाज चढायचा.

झाकण उघडायचं नाही तर आत काय चाललंय ते कळणार कसं? वासावरून. ओव्हनसमोर दोन स्टूल मांडून ते माझी परीक्षा घ्यायचे. आता कसला वास येतोय, सांग. मी बिचारी शाकाहारी, माझ्याकडे उपमा माझ्याच घरच्या. पहिल्या तासाला मी सांगायची, ओल्या गोधडीसारखा. ते म्हणायचे, अजून खूप वेळ आहे. मग कधीतरी, गुळाच्या पाकासारखा. म्हणजे कांदा विरघळला. आणि शेवटी मी सांगायची, दाणे भाजून खाली उतरवल्यासारखा. की ते उठायचे, हातांना फडकी गुंडाळायचे आणि भांडं बाहेर काढायचे. मी सुई खुपसायची, ती लोण्यात जावी तशी आत जायची. मी ते कधी चाखलं नाही आणि त्यांनी कधी आग्रह केला नाही. "तू खाऊ नको," ते म्हणाले होते, "खाणारे पुष्कळ आहेत. तू नुसती हुंगत जा, तुझ्यात गुण आहे." आयुष्यात मला इतकं मनापासून कोणी शाबासकी दिली नव्हती.

दुसऱ्या वर्षी गणपतीला मी दोन आठवडे नाशिकला गेले. परतले ती गुरुवारी सकाळी, आणि विमानतळावरून सामान टाकून तशीच कामावर आले. दार उघडं होतं. आत शिरताच अशी दुर्गंधी आली की मी पदराने नाक दाबावं तसं ओढणीने दाबलं. काका पाठमोरे उभे होते. समोरच्या ट्रेमध्ये मोठा तुकडा होता, ते त्याला मीठ चोळत होते आणि चर्चमधलं कुठलंसं गाणं गुणगुणत होते.

मी विचारलं, पिशवी उघडून पंधरा मिनिटं झाली का. ते म्हणाले, केव्हाच झाली. मी म्हटलं, काका, वास आहे अजून. त्यांचे हात थांबले. ते तुकड्यावर वाकले, श्वास ओढला, आणि म्हणाले, "हो. थोडासा आहे खरा."

थोडासा! मला तिथे उभं राहवत नव्हतं. हा माणूस त्या मांसापासून चार बोटांवर नाक धरून "थोडासा" म्हणत होता. त्यांनी हात धुतले, एक क्रेट उलटा केला आणि त्यावर बसले.

"मला वास येत नाही, बाय," ते म्हणाले. "कोरोनाच्या साथीत गेला, तो परत आलाच नाही. दोन वर्षं झाली. जिभेला खारट-आंबट कळतं. बाकी सगळं पाणी."

मला पहिल्यांदा आठवल्या त्या माझ्या परीक्षा. ओली गोधडी, गुळाचा पाक, भाजलेले दाणे. कोणी मला शिकवत नव्हतं. एका माणसाला उत्तर माहीत नव्हतं म्हणून तो मला विचारत होता. मला फार अपमान वाटला, आणि खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. मग त्या अपमानाच्या मागोमाग दुसरा विचार आला आणि पहिला पार पुसला गेला. या स्वयंपाकघरात सहा शेगड्या आणि दोन मोठे ओव्हन गॅसवर चालत होते. गॅसला वास देतात तो कशाला देतात? हा माणूस रोज पहाटे पहिला येतो आणि लायटर ओढतो. दारात उभं राहून "काही वास?" विचारण्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला.

मी रिपोर्ट लिहायला हवा होता. ते माझं कामच होतं. पेन हातात होतं, वहीही होती. काकांनी हात जोडले नाहीत की रडारड केली नाही. एवढंच सांगितलं, की धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे आणि त्यांचा करार नाताळनंतर संपतोय. तो संपला की ते स्वतःच जाणार होते. मग जरा थांबून म्हणाले, "मी आगीला घाबरत नाही. घरी जायला घाबरतो. मला जगात एक काम येतं, त्याला नाक लागतं, आणि गावी तर हे मांसही आता मिळायचं नाही. तिथे बसून मी कोण?" मी वही मिटली. नाताळपर्यंत, मी म्हटलं. आणि एक अट घातली, की गॅसजवळ एकट्याने जायचं नाही, एक दिवससुद्धा. त्यांनी क्रॉस चुंबून शब्द दिला. खराब मांस आम्ही दोघांनी मिळून फेकलं आणि मी वहीत सप्लायरच्या नावाने शेरा मारला, जो खराही होता.

त्यानंतरचे ते तीन महिने मी जीव मुठीत धरून काढले. शुक्रवारी मला उशिरा यायची मुभा होती, पण मी पाच वाजताच उठून बसायची. अबू हमूरला मी राहायची त्या व्हिलाच्या फाटकाशी उभी राहायची आणि मिस्सा संपवून येणारी कंपनीची व्हॅन मला उचलायची. बातम्यांत कुठे आग म्हटलं की पत्ता ऐकेपर्यंत मी जागची हलत नसे. घरच्या दोन शेगड्यांचा गॅसही मी झोपण्याआधी तीनदा बघायला लागले.

काका माझ्याहून जास्त घाबरत, पण त्यांच्या भीतीला शिस्त होती. एका डब्यात साबणाचं पाणी आणि रंगाचा ब्रश. रोज गॅसच्या प्रत्येक जोडावर ते ब्रश फिरवायचे आणि बुडबुडा येतो का ते डोळे बारीक करून बघायचे. मुख्य व्हॉल्व्ह घरी जाताना स्वतः बंद करायचे आणि मग मला हात लावून बघायला लावायचे. भिंतीवर जमिनीलगत गॅस ओळखणारा भोंगा होता, पण तो नुसत्या वाफेलाही बोंबलायचा म्हणून कोणीतरी आमच्या येण्याआधीच त्याचं तोंड टेपने बांधून ठेवलं होतं. काकांनी दोनदा टेप काढली आणि दोनदा कोणीतरी परत लावली. आणि ते माणसांची नाकं बघायचे. "खरा वास घेणाऱ्याच्या नाकपुड्या हलतात," ते मला सांगत. "नुसतं नाही-नाही म्हणणाऱ्याच्या हलत नाहीत. तुलसी रोज खोटं बोलतो, त्याला मी परत आत पाठवतो." मला वाटलं होतं ते माणसांना न्याहाळतात. ते दुसऱ्यांच्या नाकांवर स्वतःचा जीव तोलत होते.

एकदा मी त्यांना विचारलं, भीती वाटत नाही का, तर हसले. म्हणाले, "वाटते ना. म्हणून तर तू मला रोज जिवंत बघतेस."

नाताळच्या आदल्या शुक्रवारी मोठं जेवण होतं. नेहमी तीन भांडी लागत, त्या दिवशी सहा, ऐंशी माणसं. तो त्यांचा शेवटचा रोस्ट होता. आणि त्या दिवशी पहाटे मी उठले तर डोकं जड, घसा धरलेला, आणि नाक दोन्हीकडून चोंदलेलं. मी चहाचा कप नाकाशी नेला. काही नाही. उदबत्ती पेटवली. काही नाही.

सर्दी झालेल्या माणसाला स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही हा नियम मीच इंग्रजी, हिंदी आणि नेपाळीत छापून दारावर चिकटवला होता. पण मी गेले नाही तर काका एकटे पडतील आणि दुसरं कोणी लवकर आलं नाही तर काय होईल, या विचाराने मी वाफारा घेतला, मास्क लावला आणि निघाले. सर्दी आहे असं सांगितलं तर सगळं थांबेल, मॅनेजर कारण विचारेल, आणि इतक्या दिवसांचं सगळं एका सकाळी उघडं पडेल. फक्त आजचा दिवस, असं मी मनाला बजावत होते. व्हॅनमध्ये मी काकांशी फारसं बोललेच नाही.

साडेसहाला दार उघडलं. रात्री सफाईवाल्यांनी सगळं धुऊन काढलं होतं, फरशी चकचकत होती. काका उंबऱ्याबाहेर थांबले. मी आत गेले, मास्क खाली केला, चार पावलं चालले. मागून आवाज आला, "काही वास, बाय?"

"नाही, काका."

इतक्या सहज बोलले मी. ते आत आले, ओव्हनपर्यंत पोचले आणि त्यांनी लायटर वर उचलला. मी तो हात अजून विसरलेले नाही. जाडी बोटं, खटक्यावर टेकलेला अंगठा. तो अंगठा तिथेच राहिला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तू तोंडाने श्वास का घेतेस?"

मी म्हटलं, काही नाही, उकडतंय. डिसेंबरची सकाळ होती.

त्यांनी लायटर खिशात टाकला. दिव्याच्या बटणाकडे माझा हात चालला होता, तो मनगटाला धरून खाली ओढला आणि मला जवळजवळ फरफटत बाहेर आणलं. व्हॅनपाशी नाझर सिगारेटचं पाकीट काढत होता, त्याला त्यांनी लांबूनच हाताने थांबवलं आणि दाराशी बोलावलं. तो उंबऱ्यापर्यंतही पोचला नाही. दहा पावलांवरच त्याने बाहीने नाक झाकलं.

"मॅडम, गॅस है," तो म्हणाला. "बहुत गॅस है अंदर. आप अंदर थे?"

मी तिथेच फुटपाथच्या कडेला बसले. सफाईवाल्यांनी ओव्हन पुढे ओढून मागची भिंत धुतली होती. तेव्हा ओव्हनची नळी जोडापाशी सैल झाली, आणि कशासाठी तरी उघडलेला व्हॉल्व्ह पुरता बंद झाला नाही. रात्रभर गॅस फरशीवर साचत होता आणि मी त्यात उभी राहून "नाही, काका" म्हटलं होतं. खटका दाबला गेला असता तर?

गॅसवाले आले, दारं उघडून सगळं हवेशीर केलं, नळी बदलली आणि दिवसभर शेगड्या पेटवायच्या नाहीत असं सांगून गेले. मॅनेजर आला तेव्हा सगळे आवारात जमलो होतो. ऑफिसरला कसं कळलं नाही, हा त्याचा पहिलाच प्रश्न. मी तोंड उघडायच्या आत काका पुढे झाले. आपल्या मोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं, की मला दोन वर्षं वास येत नाही, मी सगळ्यांपासून लपवलं, मॅडमना यातलं काही ठाऊक नव्हतं. मॅनेजरचा चेहरा उतरला. त्याला काका आवडत. तो म्हणाला, आजचं जेवण कंपनीच्या बेकरीतल्या विजेच्या ओव्हनवर करून जा, मग खलास. मी उभी होते. माझं नाक वाहत होतं, तोंड बंद होतं. भित्रेपणा काय असतो हे मला त्या दिवशी कळलं. नळी सैल करणाऱ्याकडून नकळत चूक झाली होती, मी माझी जाणूनबुजून झाकून ठेवली.

बेकरी आवाराच्या पलीकडच्या बाजूला. सहा भांडी विजेच्या शेगडीवर एकामागून एक भाजून काकांनी ती दोन ओव्हनमध्ये बसवली, झाकणं घट्ट केली आणि समोर दोन स्टूल मांडली. मास्क लावून मी दाराशी घुटमळत होते, तर म्हणाले, "बस. आज कोणी कोणाची परीक्षा घ्यायची नाही." नाक नसलेली दोन माणसं आम्ही, ऐंशी जणांच्या जेवणासमोर बसलो. आता कळणार कसं, मी विचारलं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. मग मला ऐकू आलं. आत मोठमोठे बुडबुडे फुटत होते, भरभर. "पाणी पातळ आहे," ते म्हणाले. दोन तासांनी त्यांनी एकदा झाकणं उघडून गाजरं-बटाटे घातले. शेवटी शेवटी आवाज जड झाला, बुडबुडा थांबून थांबून पडायला लागला, जसा खीर आटताना पडतो. म्हणजे त्या दोन वर्षांत ते नुसते मला विचारत नव्हते, कानानेही शिकत होते.

तेव्हा मी सांगितलं. सर्दी लपवली, खोटं बोलले, आणि तुम्ही मला वाचवत होतात तेव्हा मी गप्प राहिले. त्यांनी मला रागावावं असं मला फार वाटत होतं. ते ओव्हनकडेच बघत राहिले.

"मी घाबरून लपवलं, तू घाबरून लपवलंस," ते म्हणाले. "झाकण भांड्यावर ठेवायचं, बाय. भीतीवर ठेवलं की ती आत शिजत राहते आणि बाहेर कोणाला वास येत नाही."

एवढं बोलून ते उठले, हातांना फडकी गुंडाळली आणि भांडी काढली. मी सुई खुपसली. ती लोण्यात जावी तशी आत गेली. मेसमधून सगळी भांडी चाटूनपुसून परत आली आणि कोणीतरी आचाऱ्याला बाहेर बोलवा म्हणून निरोप पाठवला, पण काका तोवर बिरकत अल अवामेरच्या कामगार वसाहतीत आपल्या खोलीवर सामान बांधायला निघून गेले होते. चौथ्या दिवशी ते विमानात बसले. मला विमानतळावर जायचा धीर झाला नाही. नाझर गेला होता. साबणाच्या पाण्याचा डबा आणि ब्रश मॅडमना द्या, एवढाच निरोप घेऊन तो परत आला.

त्या डब्याकडे मी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं, वही मिटली तिथपासून "नाही, काका"पर्यंत. भोंग्याच्या तोंडावरच्या टेपबद्दलही सांगितलं. त्याने मला काढलं नाही. लेखी ताकीद दिली, आणि मेसच्या स्वयंपाकघरातून उचलून बिरकत अल अवामेरच्या कामगारांच्या स्वयंपाकघरात टाकलं. तिथे रोज मोठमोठ्या पातेल्यांत डाळ-भात शिजतो आणि रोस्टचं नाव कोणी काढत नाही. आईला मी म्हटलं, आता खरोखरच भाज्या तपासते.

काका वसईला असतात. वास परत आलेला नाही. मुलगी नर्स झाली, ती त्यांना घरच्या गॅसजवळ फिरकू देत नाही, म्हणून फोनवर माझ्याकडे तिच्या तक्रारी करतात. पण फोन उचलला की पहिला प्रश्न तोच असतो, "काही वास?", आणि मी खरं काय ते सांगते. जेवण जळलं तर जळलं म्हणते. घाबरले असेन तर घाबरले म्हणते.

आमच्या इथल्या दारावर मी नवा नियम छापून लावलेला नाही. मी स्वतःच उंबऱ्याबाहेर उभी राहते. शेगडी पेटवायच्या आधी प्रत्येकाने आत जाऊन यायचं आणि वास आहे की नाही ते सांगायचं, आणि मी त्यांच्या नाकपुड्या बघते. पोरं हसतात, मॅडमचा काहीतरी रिवाज आहे म्हणतात. गेल्या आठवड्यात मला पुन्हा सर्दी झाली. मी दारात सगळ्यांसमोर सांगितलं, की आज माझं नाक बंद आहे, माझ्यावर विसंबू नका, आणि मी आतही येणार नाही. डाळीच्या आचाऱ्याने लायटर खाली ठेवला आणि म्हणाला, मॅडम, माझंही कालपासून बंद आहे, आणि मग एकेक करून बाकीच्यांनीही तेच कबूल केलं. बसने येणारी पुढची तुकडी पोचेपर्यंत आम्ही सगळे बाहेर उन्हात उभे राहिलो. त्या दिवशी डाळ वीस मिनिटं उशिरा शिजली.